आधी वेळापत्रक, मग शिफारस

एका संध्याकाळी दादाचा फोन आला.

"बघतेयस ना?"

"काय?"

"अगं, हॉकी! मुलींची सेमीफायनल. शूटआउटला गेलीय."

मी टीव्हीसमोरच बसले होते. ॲप तेच, घरचं खातं तेच, फक्त प्रोफाइल वेगळं. दादाच्या पडद्यावर तो सामना सगळ्यात वर होता, लाल 'लाइव्ह' पट्टीसकट. माझ्या पडद्यावर क्रिकेटच्या जुन्या हायलाइट्स होत्या, आठवड्यापूर्वीची एका टेनिसपटूची मुलाखत होती आणि खाली पुन्हा क्रिकेट. चार ओळी खाली गेले, पाचवी बघितली, सहावी बघितली. शेवटी सर्च उघडला आणि रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर शोधत 'हॉकी' लिहायला घेतलं. सामना लागला तेव्हा खेळाडू एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. कोण जिंकल्यामुळे रडतंय आणि कोण हरल्यामुळे, हे कळायलाही मला थोडा वेळ लागला.

शाळेत असताना पाच वर्षं मी हॉकी खेळले आहे. ॲपला ते ठाऊक असण्याचं कारण नाही. त्याला एवढंच माहीत होतं, की गेल्या काही महिन्यांत या प्रोफाइलवर क्रिकेट आणि टेनिस बघितलं गेलं. त्यावरून त्याने ठरवलं, की हॉकीचा उपांत्य सामना हिच्या कामाचा नाही. ते ठरवलं गेलं आहे, हे मला कळायचाही काही मार्ग नव्हता. दादाचा फोन आला नसता तर असा सामना होऊन गेला, हे मला दुसऱ्या दिवशीही समजलं नसतं.

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. खेळ दाखवणाऱ्या प्रत्येक सेवेने त्या दिवसाचं पूर्ण वेळापत्रक, सगळ्यांसाठी एकच, पहिल्याच पडद्यावर दिलं पाहिजे. शिफारस त्यानंतर यावी. शिफारशीला माझा विरोध नाही, पण वेळापत्रकाच्या जागी शिफारस येऊन बसली आहे आणि ते मला मान्य नाही.

ही शिफारस कशी चालते ते थोडं बघू. मुळात ही विद्या सिनेमांवर आणि वस्तूंवर वाढली. नेटफ्लिक्सने 2006 मध्ये एक स्पर्धा जाहीर केली होती: आमच्या पद्धतीपेक्षा 10 टक्के अचूक अंदाज करून दाखवा आणि 10 लाख डॉलर घेऊन जा. त्यासाठी सुमारे 4 लाख 80 हजार ग्राहकांनी 17,770 चित्रपटांना दिलेले 10 कोटींहून जास्त गुण खुले केले गेले. 2009 मध्ये एका संघाने ते बक्षीस जिंकलं. त्यामागची कल्पना आजही तीच आहे. तुमच्यासारखी आवड असलेल्या इतरांना जे आवडलं, ते बहुधा तुम्हालाही आवडेल. हल्ली गुण मागत नाहीत. तुम्ही काय लावलं, किती वेळ बघितलं, कुठे सोडलं, कशावर थबकलात, यावरूनच आवड काढली जाते.

चित्रपटाच्या बाबतीत हे बऱ्यापैकी चालतं, कारण चित्रपट तयार होऊन पडलेला असतो. तुमच्या आधी हजारोंनी तो बघितलेला असतो. तुम्ही आज नाही बघितलात तर पुढच्या महिन्यात बघाल, त्यातला एकही प्रसंग बदललेला नसेल. खेळाच्या बाबतीत नेमकं इथेच घोडं पेंड खातं. संध्याकाळी सात वाजता सुरू होणारा सामना सातच्या आधी कोणीच बघितलेला नसतो. तो चांगला आहे की रटाळ, हे खेळणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. रात्री दहा वाजता तो संपतो आणि उद्या त्याचं रेकॉर्डिंग उरलं तरी त्यातली धाकधूक उरत नाही. म्हणजे ज्या काळात शिफारशीचा उपयोग आहे, त्या काळात शिफारस करायला आधार नसतो. मग आधार कशाचा घेतला जातो? खेळाचं नाव, संघाचं नाव, खेळाडूचं नाव आणि तुमचा मागचा इतिहास.

22 जून 2010 रोजी विम्बल्डनच्या 18 क्रमांकाच्या कोर्टवर पहिल्या फेरीचा एक सामना सुरू झाला. एक 23वा मानांकित, दुसरा पात्रता फेरीतून आलेला. जॉन इस्नर आणि निकोला माहू. त्या दिवशी कोणत्याही यंत्राने, किंवा माणसानेही, हा सामना सुचवला नसता. अंधार पडला म्हणून तो दोनदा थांबवावा लागला, तिसऱ्या दिवशी संपला. एकूण 11 तास 5 मिनिटं. शेवटचा सेट 70-68. कोर्टवरचा गुणफलक 47-47 ला अडकून बंद पडला, कारण त्याच्या पुढचे आकडे कधी लागतील असं कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. टेनिसचा इतिहास सांगताना आज त्या सामन्याशिवाय पुढे जाता येत नाही.

किंवा 18 जून 1983, टनब्रिज वेल्स. भारताची अवस्था 5 बाद 17, समोर झिम्बाब्वे. कपिल देवने नाबाद 175 धावा काढल्या. त्या खेळीचं चित्रण उपलब्ध नाही, मैदानावर कॅमेरेच नव्हते. कोणता सामना महत्त्वाचा, याचा आधी बांधलेला अंदाज किती चुकू शकतो याचं याहून मोठं उदाहरण मला सापडत नाही. खेळाचं मोल खेळता खेळता ठरतं. आवडीच्या हिशेबात हे मावतच नाही, कारण तो हिशेब कालच्या नोंदींवर चालतो.

आता त्या नोंदींकडे वळते. मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट तीच आहे.

26 डिसेंबर 1920 रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर डिक, कर लेडीज या महिला फुटबॉल संघाचा सामना बघायला सुमारे 53,000 लोक आले होते. बायकांचं फुटबॉल कोणी बघत नाही, असं त्या दिवशी कोणी म्हणू शकलं नसतं. जवळपास एक वर्षाने, डिसेंबर 1921 मध्ये, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या सदस्य क्लबांना महिलांच्या सामन्यांसाठी मैदानं देण्यास मनाई केली. हा खेळ स्त्रियांना शोभणारा नाही, असं कारण दिलं. ती बंदी उठायला जवळपास 50 वर्षं गेली. या काळात मुलींच्या दोन पिढ्या मैदानाबाहेर राहिल्या आणि प्रेक्षकांच्या दोन पिढ्यांना बायकांचा खेळ बघायची सवयच लागली नाही. स्पर्धा, क्लब, पैसा, कॅमेरे, समालोचक हे सगळं पुरुषांच्या खेळाभोवती जमत गेलं.

आजचं यंत्र या इतिहासाच्या शेवटाला येऊन उभं राहतं आणि आकडे मोजतं. महिलांचे सामने कमी बघितले जातात, सबब कमी सुचवा. कमी सुचवले म्हणून आणखी कमी बघितले जातात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! फरक इतकाच, की इथला आड कोणीतरी बुजवला होता आणि पोहऱ्याला ते माहीत नाही. यंत्र याला 'आवड' म्हणतं. माझ्या दृष्टीने ती मनाईची पुढे चालू राहिलेली सावली आहे. बार्सिलोनाच्या कॅम्प नोउ मैदानावर एप्रिल 2022 मध्ये महिलांच्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य सामन्याला 91,648 प्रेक्षक आले. सामना मोठ्या मैदानावर ठेवला, दिसेल असा ठेवला आणि लोक आले. पडद्याच्या सहाव्या ओळीत ठेवला असता तर 'मागणी नाही' हा निष्कर्षही आपोआप खरा ठरला असता.

हीच गत छोट्या खेळांची होते. ऑलिम्पिकचे दोन आठवडे तलवारबाजी, जिम्नॅस्टिक्स, कुस्ती, नेमबाजी घराघरांत बघितली जाते. लोक नियम समजून घेतात, खेळाडूंची नावं पाठ करतात, नातेवाइकांशी वाद घालतात. समारोप झाला की महिन्याभरात ते सगळं पडद्यावरून नाहीसं होतं. त्या खेळांच्या जागतिक स्पर्धा चालू असतात, कित्येकदा त्याच सेवेवर असतात, फक्त कोणाला दाखवल्या जात नाहीत.

'तुमच्यासाठी' या शब्दाबद्दलही बोललं पाहिजे. खेळांचे प्रसारणहक्क वाटले गेले आहेत. एक लीग एका सेवेकडे, दुसरी दुसरीकडे, एखादी स्पर्धा तिसरीकडे. कोणतीही सेवा आपल्याजवळ असलेल्यातूनच सुचवणार, हे समजण्यासारखं आहे. पण ती तसं सांगत नाही. तुम्ही एखादा सामना शोधला आणि त्याचे हक्क तिच्याकडे नसले, तर 'तो आमच्याकडे नाही' असं सरळ उत्तर क्वचित मिळतं. त्याऐवजी त्याच संघाचा जुना सामना किंवा भलत्याच संघाचा चालू सामना पुढे केला जातो. वयस्कर माणसं यात हमखास फसतात. जुना सामना लाइव्ह समजून अर्धा तास बघत बसतात. शिवाय हक्कांवर अफाट पैसा ओतलेला असतो आणि तो वसूल करायचा असतो. ज्या लीगवर जास्त खर्च झाला ती सगळ्यांच्याच पडद्यावर वर येते. धंदा म्हणून ते करायला माझी हरकत नाही. मात्र त्यावर 'तुमच्यासाठी निवडलेलं' अशी पाटी लावू नये. ती जाहिरात आहे, तिला जाहिरात म्हणावं.

यावर कोणी म्हणेल, की पूर्वी तरी काय वेगळं होतं? वाहिनीचा कोणी अधिकारी बसून ठरवायचा आणि आपण मुकाट्याने बघायचो. खरं आहे. पण त्या चुकीचं काय व्हायचं, ते बघण्यासारखं आहे.

17 नोव्हेंबर 1968 रोजी अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर न्यूयॉर्क जेट्स आणि ओकलंड रेडर्स यांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना चालू होता. जेट्स 32-29 असे पुढे होते, शेवटचं जेमतेम मिनिट उरलं होतं. संध्याकाळी सात वाजता लहान मुलांचा एक चित्रपट ठरला होता म्हणून देशाच्या मोठ्या भागात वाहिनीने सामना तोडून चित्रपट सुरू केला. त्या उरलेल्या मिनिटात रेडर्सनी दोन टचडाउन केले आणि 43-32 असा सामना जिंकला. फोनचा एवढा भडिमार झाला, की एनबीसीची टेलिफोन यंत्रणाच कोलमडली. वाहिनीला जाहीर माफी मागावी लागली आणि सामना संपेपर्यंत दाखवायचा, हा दंडक त्यानंतर रूढ झाला.

हे कशामुळे घडलं? सगळ्यांच्या घरी एकाच क्षणी एकच गोष्ट गायब झाली होती. शेजारी शेजाऱ्याला विचारू शकत होता, तुझ्याकडेही गेलं का? सगळ्यांचा राग एकाच ठिकाणी जाऊन धडकला. माझा हॉकीचा सामना गायब झाला तेव्हा तो फक्त माझ्या पडद्यावरून गायब झाला होता. दादाच्या पडद्यावर तो होता. सेवेकडे तक्रार केली असती तर उत्तर आलं असतं, की सामना उपलब्ध होता. ते खोटंही ठरलं नसतं. प्रत्येकाचा पडदा वेगळा झाला, की लपवलेल्या गोष्टीला साक्षीदारच राहत नाही. कोणालाही तक्रार करावीशी वाटत नाही, कारण आपल्याकडून काय निसटलं हे कोणालाच कळत नाही. व्यक्तिगत शिफारशीबद्दलचा माझा मुख्य आक्षेप हा आहे आणि सर्वांसाठी एकच, उघडं वेळापत्रक मी मागते ते याचसाठी. ते समोर असलं तर यंत्राने काय वर आणलं आणि काय खाली ढकललं, हे कोणालाही ताडून बघता येईल.

कायद्यांनी आजवर 'उपलब्ध असणं' एवढ्याच गोष्टीची काळजी घेतली. ब्रिटनमध्ये 1996 च्या प्रसारण कायद्याखाली ऑलिम्पिक, फुटबॉल विश्वचषक, विम्बल्डनच्या अंतिम लढती अशा स्पर्धांची यादी आहे. त्या केवळ पैसे मोजणाऱ्या प्रेक्षकांपुरत्या राहू नयेत, हा तिचा हेतू. भारतात 2007 च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला देणं बंधनकारक केलं. हे कायदे झाले तेव्हा खेळ मुख्यतः वाहिन्यांवरच बघितला जायचा. उपलब्ध असलेलं दिसायचंच. आज एखादी गोष्ट उपलब्ध असूनही वर्षानुवर्षं नजरेला पडत नाही. युरोपीय संघाने चित्रपट-मालिकांच्या सेवांना त्यांच्या संग्रहात किमान 30 टक्के युरोपीय निर्मिती ठेवायला सांगितली, पण तेवढ्यावर न थांबता ती ठळकपणे दाखवायलाही सांगितली. ठेवणं आणि दाखवणं यांतला भेद तिथे कायद्याने ओळखला. त्याच संघाच्या डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टप्रमाणे महिन्याला साडेचार कोटींच्या वर वापरकर्ते असलेल्या प्लॅटफॉर्मना प्रोफाइलवर न बेतलेला किमान एक पर्याय द्यावा लागतो. तो कायदा मुख्यतः लोकांनी टाकलेला मजकूर दाखवणाऱ्या प्लॅटफॉर्मसाठी आहे, खेळांच्या सेवांना सरसकट लागू नाही. तत्त्व मात्र उचलण्यासारखं आहे.

शिफारस हवीच कशाला, असं मी म्हणत नाही. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 32 खेळांतल्या 329 पदकस्पर्धा होत्या. एका वेळी दहा-बारा ठिकाणी काही ना काही चालू असताना कोणीतरी बोट धरून न्यावंच लागतं. यंत्र इथे फार सुंदर काम करू शकतं, पण त्यासाठी त्याने माझ्याकडे बघणं कमी करून सामन्याकडे बघायला हवं. चौथ्या सेटमध्ये टायब्रेकर लागला आहे. शेवटच्या दोन षटकांत 20 धावा हव्या आहेत. धावपटू विक्रमी वेळेच्या पुढे धावते आहे. ही माहिती गुणफलकावर क्षणाक्षणाला येत असते. 'हा सामना आत्ता रंगात आलाय, बघ' एवढं सांगायला माझा सहा महिन्यांचा इतिहास लागत नाही. 18 क्रमांकाच्या कोर्टवर काहीतरी विलक्षण चाललंय, हे अशा यंत्राने त्या दिवशी सगळ्या जगाला कळवलं असतं, टेनिस कधी न बघणाऱ्यालासुद्धा.

कळवतानाही तारतम्य हवं. ज्याने सामना नंतर बघायला राखून ठेवलाय, त्याच्या पडद्यावर विजेत्याचा करंडक उंचावलेला फोटो येतो आणि मजा तिथेच संपते. फोटो टाळला तरी खालची वेळेची पट्टी असतेच. पाच सेटपर्यंत जाऊ शकणाऱ्या पुरुषांच्या ग्रँड स्लॅम टेनिस सामन्याचं रेकॉर्डिंग उघडावं आणि ते 1 तास 50 मिनिटांचंच आहे असं दिसावं, म्हणजे सामना तीन सेटमध्ये आटोपला हे पहिल्या सर्व्हिसच्या आधीच कळतं. दुसरा सेट अटीतटीचा होतो तेव्हा आपल्याला माहीत असतं, की यातून काही निष्पन्न होणार नाही. ज्यांनी हे बनवलं त्यांनी खेळाला आणखी एक व्हिडिओ मानलं. खेळ बघणारं कोणी त्यांच्यात बसलेलं असतं तर ती पट्टी कधीच झाकली गेली असती.

माहितीचा प्रश्नही आहेच. 2017 मध्ये व्हिझिओ या टीव्ही कंपनीला अमेरिकेत 22 लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं. तिच्या 1 कोटी 10 लाख टीव्हींवर लोक काय बघतात, याची सेकंदासेकंदाची नोंद त्यांच्या संमतीविना घेतली जात होती. खेळाच्या बाबतीत ही नोंद जास्त नाजूक असते. कोण कोणत्या संघासाठी रात्री जागतं, हरल्यावर काय बघतं, कधी टीव्ही बंद करतं, यावरून माणसाची मनःस्थिती बरीच कळते आणि सट्ट्याच्या जाहिराती करणाऱ्यांना तीच हवी असते. खेळाची शिफारस आणि पैज लावण्याचं आमिष एकाच पडद्यावर, एकाच नोंदीच्या आधारे येता कामा नये. यात मला कुठलीही सवलत मान्य नाही.

बाकी मागण्या फार अवघड नाहीत. प्रत्येक शिफारशीशेजारी ती का केली हे एका ओळीत लिहा. माझा इतिहास पुसायचं बटण सेटिंगच्या पाचव्या पानावर न ठेवता समोर ठेवा. सोफ्यावर डोळा लागला आणि गोल्फ चार तास आपोआप चालू राहिलं, तर ती माझी आवड नव्हे, हे मला सांगता आलं पाहिजे. सामना तुमच्याकडे नसेल तर नाही म्हणा आणि माहीत असेल तर कुठे आहे तेही सांगा. आणि पहिल्या पडद्यावर आजची यादी द्या: खेळ, स्पर्धा, संघ, वेळ. पुरुष, महिला, अपंग, कुमार, सगळे सामने वेळेच्या क्रमाने. वर्तमानपत्रांत दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांची चौकट एवढ्याशा जागेत छापून यायची, त्याहून मोठं तंत्रज्ञान याला लागत नाही.

गेल्या महिन्यात माझी आठ वर्षांची भाची आमच्याकडे राहायला आली होती. तिला सगळेच खेळ आवडतात, अजून एकही तिचा झालेला नाही. सकाळी उठली, टीव्ही लावला आणि विचारलं, "मावशी, आज काय काय आहे?" मी रिमोट हातात घेतला. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे सगळीकडे मला आवडणारंच होतं. शेवटी फोन काढला, एकेका स्पर्धेच्या संकेतस्थळावर जाऊन वेळा बघितल्या आणि एका कागदावर तिला यादी लिहून दिली. सात सामने निघाले. त्यातले चार त्याच ॲपवर होते. तिने पेन्सिलीने खूण केली ती तिरंदाजीवर.